बिननावाचा कॅन

रामटेके मॅडमसमोर ‘केमिकल’ हा शब्द काढायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये कुणी सहज बोलून जायचं, हल्ली आंब्यांना केमिकल मारतात म्हणून, की मॅडम तपासायला घेतलेले पेपर बाजूला सारायच्या.

“कोणतं?”

“म्हणजे... केमिकल हो, मॅडम.”

“मीठ केमिकल. पाणी केमिकल. तुम्ही स्वतः डोक्यापासून पायापर्यंत केमिकल. नाव सांगा ना जी.”

नाव सांगता आलं नाही की तो विषय तिथेच संपायचा. मॅडम पुन्हा पेपरांत डोकं घालायच्या.

आमचं ज्युनिअर कॉलेज उत्तर नागपुरातलं. खालच्या मजल्यावर त्यांची रसायनशास्त्राची लॅब, वरच्या मजल्यावर माझी कॉम्प्युटरची. जरीपटक्याहून त्या स्कूटीवर यायच्या. उंच, रुंद हाडाची बाई. आवाज असा की शेवटच्या टेबलावर गप्पा मारणाऱ्या मुलाच्या हातातली परीक्षानळी हलावी. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की अस्सल नागपुरी. “शिकवतानी दुसरी बाई असते गा माझ्यात,” असं त्या शिपायाला सांगताना मी ऐकलंय.

डबा उघडला की भाजीवर नाक न्यायच्या नाहीत. तळहाताने हवा हलकेच स्वतःकडे ओढून वास घ्यायच्या, लॅबमध्ये वायूचा घेतात तसा. आम्ही हसायचो. त्यांना पर्वा नव्हती. घरी तर प्रत्येक डब्यावर, बाटलीवर, बरणीवर चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर साखर हे एक वेळ ठीक; पण रिकाम्या डब्यावरही ‘रिकामा’ अशी चिठ्ठी असायची. एका वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाला त्यांचे यजमान नरेश आले, ते शर्टाच्या खिशावर चिठ्ठी चिकटवूनच. तीवर मॅडमच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘नवरा. थंड जागी ठेवावा.’ घरी भांडणात गमतीने लिहिलेली चिठ्ठी त्यांनी जपून आणली होती. सगळ्या स्टाफसमोर मॅडमचा चेहरा लालबुंद झाला, आणि नरेश मात्र शांतपणे प्रत्येकाशी हात मिळवत फिरले.

नरेश कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनत. दुधाच्या, सरबताच्या, औषधांच्या. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. मॅडम बोलायच्या आणि ते ऐकायचे, असा तो संसार होता, आणि दोघांनाही त्यात मजा वाटत असावी.

त्या दुपारी मॅडमचं प्रॅक्टिकल चालू होतं. फोन आला तेव्हा त्या मुलांना क्षारांचं परीक्षण दाखवत होत्या. नरेशच्या मांड्यांवर काहीतरी सांडलंय, दवाखान्यात नेतोय, एवढंच पलीकडचा बोलला. त्यांनी वर येऊन किल्ली माझ्या हातात दिली, स्कूटी मी चालवली. त्या मागे बसल्या. वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “काय सांडलं ते नाही सांगितलं त्यानं.”

दवाखान्यात नरेश शुद्धीवर होते. आम्हाला पाहून कसनुसं हसले. “जास्त नाही लागलं, शालू. कॅन कलंडला. धुतलं ना लगेच.”

कातडी थोडी लाल झाली होती, बस. मलाही हायसं वाटलं. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर मात्र समाधानी नव्हता. कारखान्यातून सोबत आलेल्या माणसाला त्याने विचारलं, “नेमकं काय होतं?”

“सफेदी होती, साहेब.”

“सफेदी म्हणजे?”

“स्टील पांढरं करायचं पाणी. वेल्डिंग केल्यावर काळं पडते ना, त्याच्यावर मारतात.”

“त्यात असतं काय?”

“ॲसिड हाये साहेब. साधं.”

मॅडम पुढे झाल्या. “साधं म्हणजे कोणतं? हायड्रोक्लोरिक? नायट्रिक? कॅनवर काय लिहिलंय?”

“काही नाही लिहिलं मॅडम. मोठ्या ड्रममधून निळ्या कॅनमध्ये येते. आम्ही सगळे सफेदीच म्हणतो.”

मॅडमनी नरेशकडे पाहिलं. ते मान हलवत म्हणाले, “सफेदीच म्हणतो वं आम्ही.”

कारखान्यात फोन लावले गेले. स्टोअरवाल्याला माहीत नव्हतं. मालकाचा फोन बंद. माल पुरवणारा म्हणाला, बघून सांगतो. डॉक्टरने साध्या ॲसिडच्या भाजण्यावर जे करतात ते सगळं नीट केलं. पुन्हा धुतलं, मलम लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्याच्याकडे दुसरं काही करायला आधारच नव्हता. पण दुखणं वाढत गेलं. वरून कातडी तशीच आणि आत हाड जाळत नेल्यासारख्या वेदना. तो अबोल माणूस ओरडायला लागला. “वरून काही दिसत नाही, शालू, आतून जळून राहिलं...” संध्याकाळी हृदयाचे ठोके बिघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नरेश गेले. पुरवठादाराचा फोन शेवटपर्यंत आला नाही.

मॅडम कॉलेजात परत आल्या त्या सरळ माझ्या लॅबमध्ये. घरी भंतेजी येऊन गेले होते, त्रिशरण-पंचशील झालं होतं, पाहुणे पांगले होते. पांढरी साडी, केस कसेतरी बांधलेले. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. खडू शोधायला लागल्या. माझ्याकडे व्हाइटबोर्ड होता, तर मार्कर उचलला आणि त्यावर एक समीकरण लिहिलं.

“फ्लोराइड होतं, सर. हायड्रोफ्लोरिक ॲसिड. स्टेनलेस स्टीलवरचा तो काळा थर त्याच्याशिवाय निघतच नाही. ते कातडीवर दिसत नाही, आत शिरते, रक्तातलं कॅल्शियम ओढून घेते. म्हणून हृदय थांबते.” पुढे नमुन्याच्या तपासणीत तेच निघालं, पण त्या दिवशी त्यांनी ते नुसतं विचार करून काढलं होतं. “आता हे पाहा.” त्यांनी समीकरणाखाली रेघ ओढली. “कॅल्शियम दिलं की फ्लोराइड खाली बसते. पांढरा अवक्षेप. अकरावीच्या पोरांना शिकवते मी हे. दरवर्षी. दवाखान्यात त्याले कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, मलम लावतात. कोणत्याही दवाखान्यात असते ते. तिथंही होतं, सर. पलंगाच्या बाजूच्या कपाटात. मी त्या कपाटाले टेकून उभी होती.”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

“मले प्रोग्राम करून पाहिजे. सोपा. लोक जे नाव घेतात ते टाकायचं, ते खरं काय आहे ते निघालं पाहिजे, अन् काय करायचं ते. बस. इतकं येते ना तुमच्या कॉम्प्युटरले?”

इतकं येतं, असं मी उत्साहाने सांगितलं. त्यांना दाखवलंही. इंटरनेटवर संयुगांचे प्रचंड संग्रह आहेत. नाव टाका, सूत्र येतं, गुणधर्म येतात, धोके येतात. म्हटलं, आपल्याला नवीन काही करायची गरजच नाही. मॅडम म्हणाल्या, “यात सफेदी टाका.”

मी टाकलं. मराठीत, मग इंग्रजी अक्षरांत. दोन्ही वेळा स्क्रीनवर उत्तर आलं, काही सापडलं नाही.

त्यांनी त्या रिकाम्या पानावर बोट ठेवलं. “हे तर कारखान्याच्या त्या माणसानंही सांगितलं होतं मले,” त्या म्हणाल्या.

मग आमचं नियोजन सुरू झालं. मी साधा आराखडा मांडला. एक तक्ता. एका रकान्यात लोकांच्या तोंडातलं नाव, दुसऱ्यात खरं रासायनिक नाव, तिसऱ्यात प्रथमोपचार, चौथ्यात डॉक्टरसाठी दोन ओळी. वर शोधायची एक चौकट. मोबाइलवर उघडेल असं साधं पान. बारावीच्या मुलांच्या प्रोजेक्टइतकं काम. अवघड होतं ते तक्ता भरणं, आणि ते मॅडमनी अंगावर घेतलं.

सुट्टीच्या दिवशी त्या कळमेश्वरला जाऊ लागल्या. वसाहतीच्या कोपऱ्यावर एक चहाची टपरी होती, शिफ्ट सुटली की तिथे गर्दी व्हायची. मॅडम बाकड्यावर बसायच्या आणि येईल त्याला विचारायच्या, तुमच्याकडे कोणकोणत्या वस्तू वापरता, काय म्हणता त्यांना. सुरुवातीला लोक त्यांना इन्स्पेक्टर समजले आणि चहा अर्धा टाकून पळाले. नंतर कुणीतरी ओळखलं, या नरेशभाऊंच्या मिसेस. मग लोक बोलायला लागले. कॉस्टिक सोड्याच्या पापुद्र्यांना ‘पापडी’. ज्या पातळ पदार्थाने रंग पुसतात आणि ज्याच्या वासाने डोकं गरगरतं त्याला सरळ ‘चक्कर’. “आजचा माल जास्त चक्कर हाये,” असं तिथले लोक म्हणतात, हे त्या मला सांगत होत्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं का रडू, ते मला कळलं नाही.

टपरीवरच त्यांना सुनंदा भेटली. एका युनिटमध्ये माल पुसून पॅकिंग करायची, नवरा दिलीप शेजारच्याच युनिटमध्ये. ही मॅडमना घरी घेऊन गेली, आजूबाजूच्या बायकांना बोलावलं. बायका जास्त सांगायच्या. नवऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग त्याच धूत होत्या.

तक्ता भरत गेला आणि त्याच वेळी मोडायला लागला. एका सोमवारी मॅडम आल्या आणि पिशवी टेबलावर आपटून म्हणाल्या, “संपलं सर. सगळं चुकलं.”

“काय झालं?”

“एका कारखान्यात सफेदी म्हणजे ते फ्लोराइडवालं पाणी. दुसऱ्या ठिकाणी सफेदी म्हणजे चुन्याची कोरडी पावडर. तिसरीकडे ब्लीच. एकच नाव. आता कोणी सफेदी टाकलं तर तुमचा प्रोग्राम काय सांगंन?”

“तिन्ही दाखवेल,” मी म्हणालो. “सगळ्यात जास्त ठिकाणी जे वापरतात ते वर.”

“म्हणजे अंदाज?” त्या एकदम ओरडल्या. व्हरांड्यातून जाणारी मुलं थबकली. “अंदाजच केला ना तिथंही! साधं ॲसिड असंन, म्हणून! चुना असला तर आधी झाडायचा असते सर, पाणी टाकलं तर पोळते. हे दुसरं असलं तर धावत पाण्याखाली न्यायचं. तुमच्या वरच्या ओळीनं माणूस मरंन!”

मग त्या खाली बसल्या, दोन्ही हातांनी डोकं धरून. मला वाटलं आता हे इथेच थांबेल. खरं सांगायचं तर थांबावं असंही वाटलं. त्यांची तब्येत उतरली होती, वर्गात शिकवता शिकवता मध्येच गप्प होत होत्या. मुलं वर येऊन सांगायची, मॅडम नुसत्या उभ्या आहेत.

पण दोन-तीन दिवसांनी त्याच पुन्हा वर आल्या. “नावावरून नाही शोधायचं,” त्या म्हणाल्या. “काम विचारायचं. तो माणूस काय म्हणाला होता? वेल्डिंगचं काळं काढायचं पाणी. नाव खोटं होतं, काम खरं होतं. कामावरून मी घरी बसून ओळखलं ना? तर प्रोग्रामनं पण तेच विचारलं पाहिजे. हे कशासाठी वापरता? पातळ की पावडर? कोणत्या वस्तूवर टाकता?”

इतकी वर्षं मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवतोय. प्रश्नच बदलायचा, हे मला सुचलं नव्हतं. मी आराखडा नव्याने मांडला. नाव एकापेक्षा जास्त वस्तूंचं निघालं तर उत्तर द्यायचंच नाही, आधी काम विचारायचं. प्रश्न सोपे, बोलीतले. ते सगळे मॅडमनी लिहिले. ‘याने गंज काढता का?’ ‘याने तेलकटपणा काढता का?’ ‘वेल्डिंगचे डाग काढता का?’

आणि जिथे आमच्याकडे काहीच नसेल तिथे? मी सवयीने तिथे ‘सापडले नाही’ असा संदेश ठेवला होता. मॅडमनी तो मोठ्याने वाचला.

“हे काढा.”

“अहो, नसेल तर नाही म्हणून सांगावं लागेल ना?”

“समोर माणूस जळून राहिला असते, सर. त्याच्या बायकोनं फोन धरला असते हातात. तिले तुम्ही नाही म्हणून सांगणार? अन् मग ती काय करंन?”

त्या एका पानाचा मजकूर लिहायला त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढा साऱ्या तक्त्याला लागला नाही. लिहायच्या, वाचायच्या, खोडायच्या. शेवटी उरलं ते असं: ‘हे अजून आमच्याकडे नाही. थांबू नका. पावडर असेल तर आधी झाडा. भिजलेले कपडे काढा. मग भरपूर पाणी, सतत पाणी. कॅनचा फोटो काढा. ते कशासाठी वापरतात ते डॉक्टरला सांगा. दुखणं दिसण्यापेक्षा जास्त असेल तर तेही सांगा.’ आणि खाली त्यांचा स्वतःचा नंबर.

काम पूर्ण झालं त्या आठवड्यात मी एकदा तास संपवून लॅबमध्ये आलो, तर मॅडम कोपऱ्यातल्या मशीनवर बसल्या होत्या. सफेदी टाइप करत होत्या. प्रश्न आला, कशासाठी वापरता? वेल्डिंगचे डाग. उत्तर आलं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड. खाली ठळक अक्षरांत, कॅल्शियम ग्लुकोनेट. मग त्यांनी ते पान बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा सफेदी. पुन्हा तेच उत्तर. मी दारातच थांबलो. त्या मागे न बघता बोलल्या, “किती लवकर येते पाहा सर. डोळ्याची पापणी लवत नाही तर येते.” आणि पुन्हा टाइप करायला लागल्या.

त्यांनी हे सगळं त्याच डॉक्टरला नेऊन दाखवलं. मी सोबत होतो. डॉक्टरने त्यांना ओळखलं, उभा राहिला. सगळं मनापासून पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, हे उत्तम आहे. पण मी हे इथे वापरा म्हणून सांगू शकत नाही. याला कुणाची मान्यता नाही. उद्या उत्तर चुकलं तर? विषबाधेची माहिती देणारी फोन सेवा आहे, आम्ही तिथे विचारतो.”

“त्याईले नाव लागते ना, डॉक्टर?” मॅडमनी विचारलं. “त्या दिवशी तुमच्याजवळ नाव कुठं होतं?”

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. आम्ही निघालो तेव्हा त्याने ते पान स्वतःच्या फोनवर मात्र ठेवून घेतलं.

त्याच सुमारास प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. कळमेश्वरच्या एका कारखानदाराने संस्थेकडे तक्रार केली होती, तुमच्या शिक्षिका कामगारांना भडकवतात म्हणून. मॅडम कंत्राटी होत्या, दरवर्षी नव्याने नेमणूक व्हायची. प्राचार्य मवाळपणे म्हणाले, “दुःख समजतं हो आम्हाला. पण आता पुरे करा.”

“सर, मी त्याईले फक्त नावं विचारते,” मॅडम म्हणाल्या.

“तेच नको ना.”

त्या बाहेर आल्या आणि जिन्यावर बसल्या. मी शेजारी उभा. त्या अगदी हळू म्हणाल्या, “मले माहीत आहे, यानं काही होणार नाही. कोण उघडंन हे पान? माणूस तडफडत असतानी कोणाले आठवंन? मी काहून करून राहिली हे, तुम्ही सांगा.” पण त्यांनी थांबवलं नाही.

उन्हाळ्याच्या परीक्षा संपत आल्या होत्या. आम्ही दोघं लॅबमध्ये तक्त्यातल्या चुका दुरुस्त करत बसलो होतो, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पलीकडे सुनंदा होती. तिचं रडणं मला टेबलापलीकडे ऐकू आलं.

“मॅडम, दिलीपच्या हातावर सफेदी पडली! तुमचं ते उघडलं मी, वेल्डिंगचे डाग म्हणून टाकलं, ते लांबलचक नाव येऊन राहिलं, मले वाचता येत नाही...”

मॅडम उभ्या राहिल्या. जो आवाज आला तो त्यांचा वर्गातला आवाज होता. मोठा, ठाम.

“सुनंदा, वाचू नको. ऐक. पाणी चालू आहे? चालू ठेव. त्याचा हात नळाखालून काढू नको. गाडी कोण आणून राहिलं? बरं. ते पान बंद नको करू वं, फोन तसाच डॉक्टरच्या हातात दे. सांग, वेल्डिंगचं पाणी. काय सांगशीन? म्हण.”

“वेल्डिंगचं पाणी.”

“अजून म्हण.”

सुनंदा म्हणाली. मग मॅडमनी त्या डॉक्टरला फोन लावला आणि एकच वाक्य सांगितलं, “तेच आहे, कॅल्शियम काढून ठेवा.” फोन ठेवला, आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. दवाखान्यात जायला त्या तयार होईनात. “मी नाही पाहू शकत,” एवढंच म्हणत राहिल्या.

दिलीप वाचला. एका बोटाचं टोक गेलं, बाकी हात राहिला. डॉक्टरने संध्याकाळी मलाच फोन करून सांगितलं. वेळेवर नाव कळलं नसतं तर आपण पुन्हा तेच केलं असतं, असं तो म्हणाला.

काही दिवसांनी मी मॅडमना दवाखान्यात घेऊन गेलो. दिलीप खाटेवर बसून चहा पीत होता, पट्टीतला हात उशीवर. सुनंदा धावत आली आणि मॅडमच्या पायांकडे वाकली. मॅडम झटकन मागे सरकल्या, तिला खांद्याला धरून उभं केलं, दिलीपला दोन प्रश्न विचारले, दुखते का, बोटं हलतात का, आणि निघाल्या. बाहेर फाटकाजवळ लिंबाच्या विरळ सावलीत थांबल्या. ऊन रणरणत होतं.

“सर, मले बरं वाटायला पाहिजे होतं ना?”

“वाटेल, मॅडम.”

“नाही. मले राग आला. त्याले चहा पितानी पाहिलं ना, तर असा राग आला. हा काहून वाचला? माझा काहून नाही? तीच वस्तू, तोच दवाखाना, तोच डॉक्टर.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “त्या सुनंदाचं मंगळसूत्र पाहिलं मी, अन् मले वाटलं... काय वाटलं ते तुमाले सांगू पण नाही शकत. अशी बाई आहे मी, सर.”

त्या मोठ्याने रडल्या. नरेश गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. फळं घेऊन आत जाणारी माणसं वळून पाहत होती. मी फक्त उन्हाच्या बाजूला उभा राहिलो, त्यांच्यावर थोडी सावली पडावी म्हणून.

रडून झाल्यावर त्यांनी नाक शिंकरलं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाल्या, “मले स्टँडवर सोडता का? कळमेश्वरची गाडी पकडते. त्या दिलीपच्या युनिटमध्ये आणखी काय काय आहे ते विचारायचं राहिलं.”

ती आमची शेवटची भेट असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. नव्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. भंडाऱ्याकडे एका शाळेत जागा मिळाली, सासूबाईंना घेऊन त्या तिकडे गेल्या. नरेशच्या मृत्यूची केस अजून चालू आहे. दवाखान्यांनी आमचं पान अजून मान्य केलेलं नाही. अधूनमधून मॅडमचा मेसेज येतो. त्यात ‘कसे आहात’ नसतं. एक बोलीतलं नाव असतं, त्याचं काम असतं, खरं नाव असतं. मी ते तक्त्यात घालतो.

पण मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या. मी त्यांना स्टँडवर सोडलं. गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. त्या खिडकीशी बसल्या. मी हात केला, तर त्यांनी पाहिलं नाही. मग लक्षात आलं, त्या झोपल्या होत्या. बसल्या बसल्या, क्षणात. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, कपाळावर धूळ आणि घाम. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी थरथरली, त्या जाग्या झाल्या नाहीत. कंडक्टर त्यांच्या सीटपाशी आला, तिकिटासाठी त्याने हात पुढे केला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तसाच हात मागे घेऊन तो मागच्या सीटवरच्या माणसाकडे वळला.